मे महिन्यात टँकर, सप्टेंबरमध्ये बोट : शहराच्या सुविधा बदलत्या हवामानाला कशा जुळवायच्या?

प्रश्न असा आहे : "मोठ्या शहरांनी पाणी, वीज, नाले, दवाखाने या अत्यावश्यक सुविधा बदलत्या हवामानाला कशा जुळवून घ्यायच्या? वाचायला मिळतात ते दाखले न्यूयॉर्क नाहीतर रॉटरडॅमचे. छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडसारख्या शहराने नेमकं काय करावं?" विचारणारा विद्यार्थी स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याला यावर प्रकल्प करायचा आहे. माझी नोकरी पाणीपुरवठ्याच्या आणि नगरपालिकांच्या कामांत गेली, तीही बहुतेक मराठवाड्यातच. त्यामुळे उत्तर त्या बाजूने देतो.

"सगळं मजबूत करा" असा सल्ला देणारे बरेच भेटतील. तेवढा पैसा कुठल्याच महापालिकेकडे नसतो. माझ्या मते काम सुरू होतं ते तीन साध्या प्रश्नांपासून. शहरात सगळ्यात आधी काय बंद पडतं? त्याच्या मागोमाग आणखी काय बंद पडतं? आणि ते बंद असताना शहर किती तास तग धरतं? या तिन्हींची उत्तरं कागदावर आली की पैसा कुठे घालायचा हे बरंचसं आपोआप ठरतं. उत्तरं नसतील तर पैसा जातो तो दिसायला मोठ्या असलेल्या कामावर.

मराठवाड्याची पावसाळ्यातली सरासरी साधारण ६७९ मिलिमीटर. या एका आकड्यावर योजना आखली की ती दोन्ही बाजूंनी फसते, कारण सरासरीएवढा पाऊस आपल्याकडे क्वचितच पडतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिली गाडी दहा वाघिणींची होती, जेमतेम पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची 'जलदूत' सुरू झाली. पाणी भरण्याच्या ठिकाणी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून त्याआधीच जमावबंदी लावावी लागली होती. त्याच मराठवाड्यात सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा, आष्टी भागातल्या पुरात अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. महिनाअखेरीस जायकवाडीतून गोदावरीत दोन लाख क्युसेकच्याही वर विसर्ग झाला आणि पैठणच्या सखल भागातली घरं रिकामी करावी लागली. शहर तेच, पाइप तेच, पंप तेच, आणि त्यांनी या दोन्ही टोकांना चालायचं आहे. मुंबईला पुराची चिंता आहे, राजस्थानातल्या शहरांना दुष्काळाची. आपल्याला दोन्ही एकाच वर्षात भेटू शकतात.

आधी काय बंद पडतं, याचं मोठं उदाहरण परळीचं. २०१५ च्या जुलैमध्ये परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. २०१३ च्या दुष्काळातही तीच वेळ आली होती. वीज तयार करायला पाणी लागतं आणि पाणी चढवायला वीज. हा गुंता कळण्यासाठी मात्र परळीला जायची गरज नाही, कुठल्याही पंपघरात एक दिवस बसलात तरी पुरे.

संभाजीनगरचं बहुतेक पाणी नाथसागरातून, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयातून येतं. धरणाजवळच्या जॅकवेलमधून म्हणजे पाणी उपसण्याच्या मोठ्या विहिरीतून उपसा, फारोळ्याला शुद्धीकरण, तिथून पुन्हा पंप, मग नक्षत्रवाडीच्या टेकडीवरची संतुलन टाकी आणि तिथून उताराने शहरातले जलकुंभ, असा हा प्रवास आहे. धरणाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर, शहर त्याहून शंभर मीटरपेक्षा जास्त उंचावर. म्हणजे तिथून शहराला मिळणारा प्रत्येक थेंब विजेने उचललेला. १९७० च्या दशकातली ७०० मिलिमीटर व्यासाची आणि १९९० च्या दशकातली १४०० मिलिमीटरची, अशा दोन जुन्या वाहिन्यांवर शहराने दशकं काढली.

आता मे महिन्यातली एक संध्याकाळ घ्या. वळवाचा पाऊस येतो, वावटळ सुटते, बाभळीची फांदी तारेवर पडते आणि फीडर, म्हणजे पंपघराला वीज आणणारी लाइन, ट्रिप होतो. वीस मिनिटांत लाइट परत येते. महावितरणच्या नोंदीत ही घटना वीस मिनिटांची. पंपघरात काय होतं ते बघा. चालू पंप एकदम थांबतात. वर चढणारं पाणी क्षणभर पुढे जातं, मग उलटं फिरतं, एकेरी झडप धाडकन आपटते आणि दाबाची लाट वाहिनीभर धावते. जिथे जोड कच्चा असेल तिथे तो सुटतो. सुटला नाही तरी चढावरची वाहिनी काही ठिकाणी रिकामी होऊन आत हवा शिरते. लाइट आली म्हणून सगळे पंप एकदम दाबता येत नाहीत. आधी एक पंप, झडप निम्मीच उघडी. हवेच्या झडपांमधून फुसफुस थांबेपर्यंत वाट बघायची, मग दुसरा. वाहिनी भरून वरच्या टाकीत पुरेशी पातळी यायला काही तास जातात. तोवर ज्या वस्तीची पाळी होती तिची वेळ टळलेली असते. पाच-सहा दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात एक पाळी चुकली की सगळा आठवडा बिघडतो. एक व्हॉल्व्हमन मला म्हणाला होता, "साहेब, लाइट वीस मिनिटं गेली, पण शिव्या मी दोन दिवस खाणार."

वादळी वारा आणि विजांचा पाऊस वाढला तर या शहराच्या पाणीपुरवठ्यात सगळ्यात आधी हीच साखळी तुटेल. ती सांभाळायला लागणारी कामं दिसायला किरकोळ आहेत, म्हणून ती मागे पडतात. पंपघराला वीज दोन वेगळ्या उपकेंद्रांतून हवी. एकाच उपकेंद्रातून, एकाच खांबांच्या रांगेवरून आलेले दोन फीडर हे कागदावर दोन असतात, वादळात एकच. जवळचा शेवटचा टप्पा तरी भूमिगत केबलने घ्यावा. पंप एकदम थांबल्यावर येणारा दाबाचा धक्का सोसायला वाहिनीवर हवेची दाबटाकी बसवावी आणि मोटारींना हळूहळू वेग घेणारे ड्राइव्ह लावावेत. सगळे पंप चालतील एवढा जनरेटर परवडत नाही, हे मान्य. पण एक पंप आणि क्लोरीनची यंत्रणा चालेल एवढा हवाच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उंचावरचा साठा. शहरातल्या सगळ्या टाक्या मिळून किती तासांचं पाणी धरतात, हा आकडा कोणत्याही महापालिकेला पहिल्यांदा विचारा. अंदाजपत्रकाला कात्री लागते तेव्हा पहिली कात्री टाकीला लागते, कारण वाहिनीचा व्यास भाषणात सांगता येतो, टाकीची क्षमता कोणी ऐकत नाही. संभाजीनगरच्या नव्या योजनेत २५०० मिलिमीटर व्यासाची वाहिनी आहे. ती गरजेचीच आहे, यात वाद नाही. पण एका मोठ्या वाहिनीवर सगळं शहर आलं की तिच्यातला एक बिघाडही तेवढाच मोठा होतो. म्हणून जुन्या वाहिन्या भंगारात काढण्याची घाई करू नये. त्यांची डागडुजी करून, महिन्यातून एकदा तरी पाणी फिरवून, त्या राखीव ठेवाव्यात. वापरात नसलेली वाहिनी संकटाच्या दिवशी चालत नाही.

आता स्रोताकडे येऊ. जायकवाडी भरलं की आपण निश्चिंत होतो. उन्हाळ्यात या जलाशयाच्या पृष्ठभागावरून रोज एक सेंटिमीटरच्या आसपास पाणी उडून जातं. पाण्याचा पसारा आटून दोनशे चौरस किलोमीटर उरला असं धरा, तरी एका सेंटिमीटरचे वीस लाख घनमीटर होतात, म्हणजे दोनशे कोटी लिटर. शहराला रोज वीस कोटी लिटर लागतात असं मानलं, तर एका दिवसाच्या उन्हात दहा दिवसांचं पाणी गेलं. तापमान वाढेल तसा हा आकडा वाढणार. उथळ आणि पसरट धरण हे आपल्या पठारी भूगोलाचं देणं आहे, ते बदलत नाही. त्यामुळे धरणाच्या टक्केवारीवर विसंबून चालत नाही. शिवाय पातळी मृतसाठ्यात, म्हणजे नेहमीच्या उपशाच्या पातळीखाली गेली की आपत्कालीन पंप लावून पाणी चारीतून जॅकवेलपर्यंत आणावं लागतं. तळाचं पाणी गढूळ असतं, त्यात शेवाळ असतं, तुरटी आणि क्लोरीन जास्त लागतं. शुद्धीकरण केंद्राची रचना अशा पाण्यासाठी केलेली असते का, हे निविदेच्या वेळीच विचारायला हवं.

लातूरचा धडा एका वाक्यात सांगायचा तर, शहराचं पोट एकाच धरणावर नको. दुसरा स्रोत म्हणजे दुसरं धरणच असं नाही. जालन्याकडे निजामकाळातला घाणेवाडी तलाव आहे, ज्याचं पाणी उताराने शहरात येतं, पंपाशिवाय. जायकवाडीची योजना आल्यावर असे तलाव विस्मरणात जातात. जालन्यात लोकांनी पुढाकार घेऊन गाळ काढला, म्हणून घाणेवाडीत दम राहिला. संभाजीनगरात हर्सूल तलाव आहे आणि मलिक अंबरच्या काळातली नहर आहे. नहरीबद्दल भाबडं होऊ नये. सतराव्या शतकातल्या वस्तीसाठी खोदलेली ती भूमिगत वाहिनी आजच्या लाखोंच्या शहराची तहान भागवणार नाही. पण वीज गेली, धरण आटलं तरी जे पाणी वाहतं त्याची किंमत लिटरमध्ये करायची नसते. एखाद्या दवाखान्याची धुण्या-पुसण्याची गरज किंवा अग्निशमनाचे बंब एवढं त्यावर भागलं तरी पुष्कळ.

बोअरवर मात्र भरवसा ठेवू नका. आपल्याखाली काळा कातळ आहे. पाणी मुरतं आणि साठतं ते वरच्या मुरमाच्या, भेगाळलेल्या थरात. त्याखाली आठशे-हजार फूट जाऊन बहुतेक वेळा धूळच निघते. २०१६ च्या आधी लातुरात लोकांनी हे स्वतःच्या खिशातून पैसे घालून शिकून घेतलं.

दुष्काळात न आटणारा एक स्रोत प्रत्येक शहराकडे असतो, सांडपाण्याचा. नळाला पाणी येतंय तोवर गटारातही पाणी आहे. संभाजीनगरला कांचनवाडीचं मलनिस्सारण केंद्र १६१ दशलक्ष लिटर क्षमतेचं आहे. नागपूरने भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिलं आणि तेवढं धरणाचं पाणी वाचवलं. आपल्याकडे वाळूज, शेंद्र्याच्या कारखान्यांसाठी हेच करता येतं. २०१६ च्या उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला दारू कारखान्यांचं पाणी ६० टक्के कापायचा आदेश द्यावा लागला होता. कारखान्यांना पुनर्वापराची वेगळी वाहिनी आधीच असेल तर असा आदेश काढायची वेळ येत नाही, आणि कामगारांचा रोजगारही जात नाही. बांधकामं आणि बागा यांना धरणाचं पाणी देणं तर आता बंदच व्हायला हवं.

पावसाकडे वळू. महसूल खात्याच्या हिशेबात एखाद्या मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पडला की अतिवृष्टी. पंचनाम्यासाठी हा आकडा ठीक आहे, नाल्याच्या कामाचा नाही. ६५ मिलिमीटर दिवसभर रिमझिमत पडला तर नाल्याला कळतही नाही. तोच तासाभरात पडला तर नाला रस्त्यावर येतो. म्हणून आकडा तासाचा हवा, शक्य तर पंधरा मिनिटांचा. 'महावेध'ची स्वयंचलित हवामान केंद्रं राज्यात दोन हजारांवर महसूल मंडळांत बसलेली आहेत. त्यांच्या नोंदी घेऊन शहराचा स्वतःचा पावसाच्या तीव्रतेचा आलेख काढायला हवा. जुन्या अहवालातून उचललेल्या तीव्रतेवर आजही गटारांची गणितं होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

हिशेब करून बघा, सूत्र तुम्ही शिकलेलंच आहे. शंभर हेक्टरचं पाणलोट, मोकळी जमीन, वाहून जाण्याचा गुणांक (पडलेल्या पावसातला किती हिस्सा वाहून जातो तो) ०.३ आणि पाऊस तासाला ६० मिलिमीटर. नाल्यात येतं सेकंदाला पाच घनमीटर पाणी. त्याच जमिनीवर प्लॉटिंग झालं, काँक्रीटचे रस्ते झाले, गुणांक ०.८ वर गेला, तर तोच पाऊस सेकंदाला सव्वातेरा घनमीटर आणतो. आता हवामान बदलामुळे तीव्रता ९० मिलिमीटर धरा, की वीस घनमीटर. पाचाचे वीस झाले. यातला मोठा वाटा आकाशाचा नसून आपल्या प्लॉटिंगचा आहे. पूर आला की सगळं हवामान बदलावर ढकलायची सोय झाली आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

यावर उपाय म्हणून नुसता नाला रुंद करणं पुरत नाही. पाणी वाटेत अडवून, हळू सोडायला हवं. रॉटरडॅमने एक चौकच खोलगट बांधला, एरवी मुलं खेळतात आणि पावसात तिथे पाणी थांबतं. कल्पना चांगली आहे. आपल्याकडे त्या चौकात पाण्याबरोबर गाळ आणि प्लास्टिकही थांबेल, तेव्हा साफसफाईची माणसं आणि त्यांचा पगार योजनेतच लिहा. शाळांची मैदानं आणि बाजारतळ यांची पातळी रस्त्यापेक्षा हातभर खाली ठेवली तरी पुष्कळ पाणी तासभर थांबतं. खाम आणि सुखना या संभाजीनगरच्या नद्या. खामेच्या पात्राची सफाई आणि काठ मोकळा करण्याचं काम गेल्या काही वर्षांत झालं, ते योग्य दिशेचं आहे. उलट नाल्यावर स्लॅब टाकून वर पार्किंग किंवा गाळे काढायची जी हौस असते, तिला माझा ठाम विरोध आहे. झाकलेला नाला साफ होत नाही आणि तुंबला कुठे तेही कळत नाही. उघडा, वास मारणारा नाला मला त्यापेक्षा चालेल.

नांदेडची अडचण निराळी आहे. तिथे शहरातून गोदावरी जाते. वरच्या अंगाला विष्णुपुरीचे दरवाजे, खाली तेलंगणात पोचमपाड धरणाचा फुगवटा. जुन्या पुलाजवळ इशारा पातळी ३५१ मीटर आणि धोक्याची ३५४. नदी चढली की नाल्यांची तोंडं पाण्याखाली जातात, आणि शहरात पडलेला पाऊस नदीत जायच्या ऐवजी नदीच नाल्यातून शहरात येते. नावघाटाच्या बाजूच्या वस्त्यांना हे नवीन नाही. अशा ठिकाणी नाल्याच्या तोंडाला एका बाजूनेच उघडणारे दरवाजे हवेत आणि आतलं पाणी उपसून पलीकडे टाकायला पंप हवेत. पंपाचं पॅनल कुठल्या उंचीवर बसवलं आहे, ते जरूर बघा. न्यूयॉर्कला २०१२ मध्ये सँडी वादळात समुद्राचं पाणी मॅनहॅटनच्या उपकेंद्रात शिरलं आणि बेटाचा मोठा भाग अंधारात गेला. आपल्याकडे त्याची छोटी आवृत्ती पुष्कळ इमारतींत तयार आहे. जनरेटर तळघरात, मीटरपेटी पार्किंगच्या भिंतीवर कमरेच्या खाली. दवाखान्यात असं असेल तर ते एका उन्हाळ्याच्या आत वर हलवायला हवं. याला फार खर्च येत नाही, फक्त कोणीतरी मागे लागावं लागतं.

पुराच्या बाबतीत धरण चालवणाऱ्याची कोंडी समजून घ्या. ऑगस्टमध्ये धरण भरत आलं की आपल्या भागात कोणीही पाणी सोडायला तयार नसतो. दुष्काळ भोगलेल्या माणसाला भरलेलं धरण म्हणजे दोन वर्षांची हमी. आणि मग सप्टेंबरअखेर मोठा पाऊस आला की दरवाजे एकदम उघडावे लागतात. २००६ च्या ऑगस्टमध्ये सुरतेला उकाई धरणाच्या विसर्गाने असंच बुडवलं, त्यानंतर तिथे धरणाच्या येव्याचा अंदाज आणि शहराला इशारा यांची एकत्र यंत्रणा उभी राहिली. कोणत्या तारखेला धरणात किती पातळी ठेवायची, याचं वेळापत्रक जलसंपदा खात्याकडे असतं. हे वेळापत्रक जुन्या पावसाच्या नोंदींवर बेतलेलं आहे. पाऊस सप्टेंबरकडे सरकत असेल तर ते पुन्हा मांडायला हवं, आणि वरच्या धरणांशी जोडून मांडायला हवं. जायकवाडीच्या वर नाशिक-नगरची धरणं आहेत. समन्यायी पाणीवाटपात जायकवाडीच्या ६५ टक्क्यांचा हिशेब (साठा तेवढा नसेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं) आपण सगळे तोंडपाठ सांगतो, कारण तो टंचाईचा वाद आहे. पुराच्या वेळी वरून किती वेळात किती येणार, याचा तेवढाच काटेकोर करार कोणी मागत नाही.

आणि हे काही परदेशातून आणायचं शहाणपण नाही. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीने हैदराबाद बुडवलं, तेव्हा मराठवाडा त्याच संस्थानात होता. विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं आणि त्यांच्या योजनेतून पूर अडवणारे जलाशय शहराच्या वर उभे राहिले. उस्मानसागर १९२० मध्ये, हिमायतसागर १९२७ मध्ये. पूर अडवायचा आणि तेच पाणी शहराला प्यायला द्यायचं, असं दुहेरी काम त्यांनी केलं. एका पैशात दोन कामं करणारी रचना शोधायची, हा विचार आपल्या मातीत शंभर वर्षांपासून आहे.

मातीवरून आठवलं. आपली काळी माती हा बाहेरच्या सल्लागारांच्या अहवालात हमखास सुटणारा विषय. ही माती उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात ती फुगते. तिच्यात पुरलेल्या पाइपाला दरवर्षी वरखाली ढकललं जातं. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की पंधरा दिवसांत गळत्यांच्या तक्रारी का वाढतात, हे त्यावरून कळेल. कडक उन्हाळा आणि मग एकदम धो-धो पाऊस, असं चक्र तीव्र झालं की हा ताण वाढतो. उपाय जुनाच आहे. चर जास्त रुंद खोदायचा, काळी माती बाहेर काढायची, पाइपाच्या खाली आणि बाजूंनी मुरूम भरून दाबायचा, आणि जोड लवचिक, रबरी रिंगचे घ्यायचे. निविदेत हे सगळं असतं. प्रत्यक्षात संध्याकाळी पाचनंतर जो चर बुजवला जातो त्यात तीच काढलेली काळी माती परत जाते, कारण मुरमाचा टिप्पर आलेला नसतो. कनिष्ठ अभियंता त्या वेळी चरावर उभा आहे की नाही, यावर त्या पाइपाचं पुढचं आयुष्य ठरतं. वीजखांब वाकण्याचं आणि रस्त्याला लांब भेगा पडण्याचं कारणही बहुतेक ठिकाणी हीच माती.

उष्णतेबद्दल थोडक्यात. परभणी, नांदेडला पारा ४४-४५ वर जाणं नवीन नाही. डीपीला म्हणजे रोहित्राला दुपारच्या कडाक्यापेक्षा रात्रीचा उकाडा जास्त मारतो. पूर्वी रात्री भार उतरायचा, तेल थंड व्हायचं. आता रात्रभर कूलर आणि एसी चालतात आणि रोहित्राला उसंत मिळत नाही. आतलं तापमान ठरलेल्या मर्यादेच्या वर सहा अंशांनी गेलं की आतल्या कागदी आवरणाचा ऱ्हास दुपटीने होतो, हा त्या क्षेत्रातला सर्वमान्य ठोकताळा आहे. उन्हाळ्यात काही उपकेंद्रांत मोठ्या रोहित्रांसमोर कूलर लावलेले दिसतील. लोक हसतात, पण त्यांनी वेळ निभावते. खरा उपाय म्हणजे पाणीपुरवठा, दवाखाने आणि मोबाइल टॉवर ज्या डीपीवर आहेत त्यांवरचा भार मार्चमध्येच मोजून कमी करणं. आणि लक्षात घ्या, कूलर पाणीही पितो. तापमान चढतं तेव्हा विजेची आणि पाण्याची मागणी एकाच आठवड्यात वाढते, आणि नेमकं तेव्हा धरण तळाला गेलेलं असतं.

रस्त्यांवर मी फार लिहीत नाही. डांबर घट्ट ग्रेडचं घ्या, मोऱ्यांचं माप नव्या पावसावर काढा, आणि दवाखान्याकडे जाणारा निदान एक रस्ता कोणत्याही पुरात कोरडा राहील एवढं बघा.

पैशाचं म्हणाल तर नव्या योजनेला निधी मिळतो, जुन्याच्या देखभालीला मिळत नाही, ही खरी अडचण आहे. केंद्राची, राज्याची योजना आली की प्रकल्प अहवाल होतो. त्यात झडपा बदलणं, हवेची दाबटाकी, जनरेटर वर उचलणं असलं काही बसत नाही. म्हणून महापालिकेच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात या किरकोळ कामांचं वेगळं शीर्ष हवं आणि त्यातला पैसा दुसरीकडे वळवता येऊ नये. आणखी एक : टंचाईत टँकरवर जो खर्च होतो त्याचा हिशेब ठेवा आणि दरवर्षी गळतीदुरुस्तीच्या खर्चाशेजारी मांडा. सभागृहात हा एक तक्ता माझ्या अनुभवात कुठल्याही सादरीकरणापेक्षा जास्त बोलतो. गुंठेवारीतल्या वस्त्यांना यात शेवटचं स्थान मिळतं, हेही त्या तक्त्यात दिसेल. टँकरही तिथेच जातो आणि नाल्याचं पाणीही आधी तिथेच शिरतं.

तुमच्या प्रकल्पासाठी सांगतो. सगळ्या शहराचा आराखडा करायला जाऊ नका. एक पंपघर निवडा. तिथे लॉगबुक असतं, त्यात पंप किती वाजता बंद पडला, किती वाजता चालू झाला, कारण काय, हे ऑपरेटर हाताने लिहितो. एका वर्षाच्या नोंदी घ्या. प्रत्येक ट्रिपपुढे वीज किती वेळ नव्हती आणि वरची टाकी पुन्हा नेहमीच्या पातळीला यायला किती वेळ लागला, हे दोन आकडे लिहा. शेजारी त्या दिवसाचा तासागणिक पाऊस आणि वारा मांडा. मग टाकीचा साठा तीन तासांनी वाढवला तर किती पाळ्या वाचल्या असत्या, दुसऱ्या उपकेंद्राचा फीडर असता तर किती, हे काढा. लॉगबुकसाठी अर्ज साध्या कागदावर करा, कॉलेजचं पत्र जोडा आणि उपअभियंत्याला सकाळी दहाच्या सुमारास गाठा. दुपारनंतर तो साइटवर असतो.